शेततळ्यात जिताडा जगंल का? आणि पिल्लं देईल का?

दुधनाकाठ_सेलू
नमस्कार मंडळी. सेलू तालुक्यात आमचं शेततळं आहे, 30 बाय 30 चं, पन्नी टाकलेलं. केलं होतं मोसंबीच्या ड्रिपसाठी पण पाणी बसून राहतंय म्हणून रोहू कटला मृगळ सोडलेत. त्यात कॅनॉलच्या पाण्यातून का कशातून चिलापी (तिलापिया मासा) घुसली आणि आता बोटाएवढ्या चिलापीनं तळं भरून गेलंय, पेंड टाकली की सगळी तीच खायलीय आणि कटला आहे तेवढाच. आता व्हॉट्सअॅपवर एक बीवाला (माशांची पिल्लं विकणारा) मागं लागलाय की जिताडा टाका, चिलापी साफ करतो, वर्षात 2 किलो होतो आणि एकदा बी घेतलं की परत घ्यायचं काम नाही, तळ्यातच पिल्लं होतात म्हणे. जिताडा मी अलिबागला पाहुण्यात खाल्लाय, मासा एक नंबर. पण तो खाडीचा ना? आपल्या गोड्या पाण्यात, ते बी बोअरचं जड पाणी मिसळलेलं, त्यात जगंल का? हिवाळ्यात परभणीकडं थंडी कशी पडती ते सगळ्यांना माहितीये. आणि पिल्लांचं खरं आहे का? ज्याला माहिती आहे त्यानं सांगा, यूट्यूबच्या लिंका टाकू नका, बघून बघून डोकं उठलंय.

नांदेडी_मरळ
भाऊ बीवाल्याला एकच विचारा, तळ्यातच पिल्लं होत असतील तर तू दरवर्षी बी कुणाला विकतो.

बाकी आपल्याकडं चिलापी खाणारा मासा मरळ, तो सोडून खाडीचा पाहुणा कशाला आणायलाव. शहाणी माणसं येतीलच सांगायला, मी बसतो ऐकत.

उदगीर_मत्स्य
उदगीरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयातून शिकलोय म्हणून जरा लांबलचक लिहितो, सहन करा.

पहिलं, जगंल का? जगतो. जिताडा पूर्ण गोड्या पाण्यात राहतो, वाढतो, आणि चांगला वाढतो. बोअरच्या जड पाण्याचं म्हणाल तर जडपणानं त्याचं काही बिघडत नाही, त्याला पाण्यात हवा लागते, म्हणजे ऑक्सिजन, लिटरला 4-5 मिलिग्रॅमच्या खाली गेला की बेजार होतो. पण बीवाला जे सांगायलाय ना की तळ्यातच पिल्लं होतात, ते होणारच नाही, आणि का होणार नाही हे कळायला या माशाचा सगळा जन्मच बघावा लागतो, कारण हा एका पाण्यातला मासा नाहीच.

बघा, जन्म होतो खाडीच्या तोंडाशी, जिथं पाणी जवळजवळ समुद्राएवढं खारं असतं, हजारी 28 ते 32 भाग मीठ. अंडी घालायची वेळ अमावस्या पौर्णिमेच्या आसपासची, संध्याकाळी, भरती चढायला लागली की. याला कारण आहे, अंडं एका मिलिमीटरपेक्षा लहान असतं आणि खाऱ्या पाण्यात तरंगतं, मग भरतीच्या पाण्याबरोबर आपोआप आत खाडीत ढकललं जातं. पाणी गोडं असलं तर तेच अंडं बुडतं आणि तळाला जाऊन मरतं. एका 5-6 किलोच्या मादीची अंडी 20 लाखाच्या घरात, 10-11 किलोची असली तर 70 लाखापर्यंत. एवढ्यातून जगतात किती ते विचारू नका, म्हणूनच तर एवढी घालते. पाणी कोमट असलं तर अंडी दिवसाच्या आत फुटतात, पिल्लू दीड मिलिमीटरचं.

मग ती पिल्लं खाजणात, तिवरांच्या मुळांत, भरतीला भरणाऱ्या डबक्यांत शिरतात. तिथं पाणी उथळ, उबदार, बारीक जीव भरपूर आणि मोठे मासे शिरत नाहीत. सेंटीमीटरभर झाली की गोड्या पाण्याकडं वर सरकायला लागतात. पुढं नदीत, बॅकवॉटरमध्ये, दलदलीत दोन तीन वर्षं खाऊन दांडगी होतात आणि 3-4 वर्षांची झाली की परत खाली खाऱ्या पाण्याकडं निघतात, वीण करायला.

आता यात खरी गंमत. पहिल्यांदा वयात येतो तेव्हा तो नर असतो. सगळे (अपवाद सोडा) आधी नर. एखाद दोन विणी नर म्हणून काढल्या की साधारण 6 वर्षांच्या पुढं त्यातले बरेच मादी होतात. दीड दोन किलोचे धरले तर बहुतेक नर, 4-6 किलोच्या वर गेले की बहुतेक माद्या. म्हणजे तुमच्या तळ्यात दीड किलोचा जिताडा असला तर तो नुसता पोऱ्या आहे, बायको कुठून आणणार? आणि समजा 7-8 वर्षं सांभाळला, मादी झाली, तरी गोड्या पाण्यात अंडी शेवटपर्यंत पिकत नाहीत. हॅचरीवाले (टाक्यांत वीण करून पिल्लं तयार करणारे) बी प्रजननाचे मासे गोड्या पाण्यात ठेवू शकतात पण विणीच्या आधी खाऱ्या पाण्यात हलवावेच लागतात.

दुधनाकाठ_सेलू
बाप रे सर. म्हणजे नराचा मादी होतो?? घरी सांगितलं तर कुणी विश्वास ठेवंना.

एक शंका आली म्हणून विचारतो, मीठ टाकून तळ्याचं पाणी खारं केलं तर? आमच्याकडं जनावराच्या मिठाची पोती असतातच.

नांदेडी_मरळ
आणि मोसंबीला काय बाटलीतलं पाणी द्यायलाव का 😂

उदगीर_मत्स्य
😂 नांदेडकरांनी बरोबर सांगितलं. हिशोबच करा, तुमचं तळं 3 मीटर खोल असंल, उताराच्या कडा सोडून दीड हजार घनमीटर पाणी धरा, हजारी 30 भाग म्हटलं की 45 टन मीठ. झाडं जळतील, रोहू कटला मरतील आणि साधं मीठ म्हणजे समुद्राचं पाणी नव्हे, त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम सगळं ठराविक मापात असतं. त्यावर भरती नाही, खाडी नाही. हॅचरीत सुद्धा मोठमोठ्या टाक्या, समुद्राचं पाणी, 6-7 वर्षांच्या माद्या आणि बऱ्याचदा हार्मोनचं इंजेक्शन, तेव्हा कुठं अंडी मिळतात. आपल्या देशात हे पहिल्यांदा जमलं 1997 साली, चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यपालन संस्थेत, तिला सिबा म्हणतात. थायलंडवाल्यांनी आपल्या पंचवीस एक वर्षं आधीच जमवलं होतं.

ऑस्ट्रेलियात हाच मासा बारामुंडी. तिथं धरणांत बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडतात, टिनारू म्हणून धरण आहे, तिथला मासा आपल्या पोरापेक्षा लांब होतो. पण धरणात एक पिल्लू होत नाही, दर काही वर्षांनी बी सोडावंच लागतं. तिथल्या क्वीन्सलँड राज्यात 58 सेंटीमीटरपेक्षा लहान तर धरायला बंदी आहेच, नदी-खाडीत 120 च्या वरचा सापडला तरी सोडून द्यावा लागतो. आधी वाटतं मोठा कशाला सोडायचा, पण मोठ्या म्हणजे सगळ्या माद्या, त्या काढल्या की पुढची पिढीच संपली.

खारबंदी
पेणच्या बाजूचा आहे म्हणून राहवलं नाही, जिताड्याचा विषय आणि आम्ही गप्प बसायचं म्हणजे काय.

उदगीरच्या दादांनी लिहिलंय ते आम्ही दरवर्षी डोळ्यानं बघतो. आमच्याकडे खारजमीन आहे, खाडीला मातीचे बांध आणि बांधात उघाड्या. उघाडी म्हणजे लाकडी झापेचं दार, ओहोटीला शेतातलं पावसाचं पाणी बाहेर ढकलून काढतं आणि भरती आली की खाडीच्या दाबानं आपोआप मिटतं. पावसाळ्यात उधाणाच्या भरतीला त्या झापेच्या फटीतून, नायतर बांध फुटला असेल तिथून, जिताड्याची पिल्लं आत येतात, बोटाच्या पेराएवढी, काळपट, डोक्यावरून पाठीपर्यंत पांढरट पट्टा असलेली. ती निपचित पडून राहतात, वाळलेलं पान पडलंय असं वाटतं, आणि एकदम कोळंबीवर झडप. जुनी माणसं पागानं (फेकायच्या जाळ्यानं) नायतर हातानं ती पिल्लं धरून गावच्या तळ्यात, घरामागच्या तळ्यात सोडायची. तळं पावसाच्या पाण्यानं भरलेलं, म्हणजे गोडंच. त्यात बोयटं, कोळंबी, बारीक मासा असायचाच, तो खाऊन जिताडा वाढायचा. पाहुणे आले, लग्न ठरलं, कुणाचं काम करून घ्यायचं असलं की तळ्यातला जिताडा निघायचा. साहेबाला जिताडा पोचला की कागद हलायचा असं आमचे आजोबा सांगायचे, आता खरंखोटं आजोबांनाच माहीत.

आता ती पिल्लं पहिल्यासारखी येत नाहीत हो. भराव टाकले, तिवरं तोडली, कंपन्यांचं पाणी खाडीत, उघाड्यांच्या जागी नुसत्या पाइपा. एक तळं आमच्या आळीत अजून आहे, त्यातला मासा पहाटे वर येऊन शेपटी मारतो, आवाज घरात ऐकू येतो. डोळा बघायचा असेल तर रात्री बॅटरी मारा, निखाऱ्यासारखा चमकतो.

गोदाकाठ
मी मासेवाला नाही, पाटबंधाऱ्याच्या कामावर होतो, रिटायर झालो. वाचता वाचता एक विचार आला तो लिहितो. दुधना पूर्णेला मिळते, पूर्णा गोदावरीला, आणि गोदावरी जाऊन बंगालच्या उपसागराला, तिथं काकीनाड्याजवळ कोरिंगाचं मोठं कांदळवन आहे. म्हणजे सेलूच्या तळ्यातला सांडवा ज्या पाण्याला मिळतो त्याच पाण्याच्या शेवटाला जिताड्याचं पाळणाघर आहे. मग तो मासा आपोआप वर नांदेडपर्यंत का येत नाही, नदी तर तीच आहे? असा माझा प्रश्न उदगीरच्या साहेबांना.

उदगीर_मत्स्य
काका, प्रश्न भारी विचारलात आणि उत्तर तुमच्याच खात्याकडं आहे. राजमहेंद्रीच्या खाली धवळेश्वरमचा बंधारा आहे, मूळचा कॉटन साहेब या इंग्रज इंजिनिअरच्या काळातला, 1850 च्या सुमाराचा. समुद्राकडून वर निघालेल्या माशाला पहिली भिंत तीच लागते. त्याच्या वर तेलंगणातले बंधारे, मग पोचमपाड म्हणजे श्रीराम सागर, मग बाभळी, मग विष्णुपुरी. बाभळीची दारं सुप्रीम कोर्टाच्या निकालाप्रमाणं 1 जुलै ते 28 ऑक्टोबर उघडी असतात, नेमका माशानं वर सरकायचा हंगाम. पण खालचे दरवाजे बंद असल्यावर बाभळी उघडी राहून काय उपयोग. शिवाय बंधारे नसते तरी एवढ्या आत, पठारावर, तो आला असता असं मी म्हणणार नाही, त्याचा जीव खालच्या सपाट, दलदलीच्या मुलखात रमतो. पण मुद्दा तोच, या माशाला नुसतं पाणी नाही, रस्ता लागतो. खाडी, तिवरं, नदी आणि मधे अडथळा नाही, यातलं एक जरी तुटलं तरी मासा संपतो, पाणी कितीही चांगलं असू द्या.

उलट्या बाजूनं एक सांगतो. ऑस्ट्रेलियात अवूंगा म्हणून धरण आहे, 2011 च्या पुरात ते सांडव्यावरून वाहिलं तेव्हा हजारो मोठे बारामुंडी पाण्याबरोबर खाली खाडीत गेले. वर्षानुवर्षं गोड्या पाण्यात अडकलेले, रस्ता मिळाला तसे निघाले.

दुधनाकाठ_सेलू
सगळ्यांचे आभार, एवढं कुणी सांगितलं नव्हतं. पिल्लाचा नाद सोडला. आता फक्त एवढं सांगा की दरवर्षी बी विकत घेऊन टाकलं तर परवडंल का. चिलापी तर फुकट आहे तळ्यात.

उदगीर_मत्स्य
करता येतं पण डोळे उघडे ठेवून.

थंडीचं आधी. याला 26 ते 30 डिग्रीचं पाणी मानवतं, 20 च्या खाली गेलं की खाणं जवळजवळ सोडतो, अजून खाली गेलं की मरायला लागतो. परभणीत डिसेंबर जानेवारीत हवेचा पारा 10 च्या खाली जातो, पाणी तेवढं गार होत नाही पण पन्नीचं उघडं तळं, त्यात तोवर पाणी अर्धं झालेलं असलं तर धोका आहे. तळं खोल आणि भरलेलं असलं तर तळाशी जरा ऊब राहते. म्हणून बी जूनमध्ये टाकायचं, आणि हिवाळाभर वाढ थांबणार हे हिशोबात धरायचं. वर्षात 2 किलो हे पाणी सालभर गरम असतं तिथलं, आणि तिथं सुद्धा सगळे मासे तेवढे होत नाहीत. चांगल्या पाण्यात 6 महिने ते वर्षभरात अर्धा किलो, 3 किलोला दीड दोन वर्षं, असं धरा.

दुसरं, हे एकमेकाला खातात. आपल्या लांबीच्या दोन तृतीयांश लांबीचा भाऊ हा सरळ गिळतो. पहिले दोन महिने, म्हणजे 20 सेंटीमीटर होईपर्यंत, हा ताप सगळ्यात जास्त. म्हणून आधी तळ्यात हापा (बारीक जाळीचा पिंजरा) लावून त्यात ठेवायचं, आठवड्याला चाळायचं, लहान मोठे वेगळे करायचे. न चाळता हजार सोडले तर वर्षानं थोडे पण लठ्ठ मासे निघतात आणि बीवाला म्हणतो तुमच्याच पाण्यात दोष.

तिसरं, रोहू कटल्याच्या लहान बोटुकलीबरोबर सोडू नका, चिलापी आणि रोहू यातला फरक त्याला कळत नाही, तोंडात मावलं की संपलं. 20 सेंटीमीटरच्या पुढच्या जिताड्याच्या पोटात शेवाळ वगैरे काही सापडत नाही, खाडीत 70 टक्के कोळंबी खेकडे आणि बाकी बारीक मासे. कोंडा पेंड तो हुंगत पण नाही. चिलापी संपली की तरंगणारं गोळी खाद्य, 40 टक्क्यांच्या वर प्रोटीनचं, तेच द्यावं लागतं, आणि ते बी पाण्यात हलत असताना उचलतो, तळाला बसलेलं सोडून देतो. खर्च तिथं आहे. चिलापी फुकट आहे ती पहिले काही महिने.

बी घेताना विचारायचं की हॅचरीचं आहे का आणि गोड्या पाण्याला सरावलेलं आहे का. खाऱ्यातून एकदम तुमच्या तळ्यात टाकलं तर दोन दिवसात पोतं भरून उचलावं लागंल.

दुधनाकाठ_सेलू
विचारलं आत्ताच. म्हणतो, "हॅचरीचं नाही साहेब, डायरेक्ट खाडीतून धरलेलं, एकदम ओरिजिनल." आणि सरावलंय का तर म्हणाला ते काय असतं.

खारबंदी
अजिबात घेऊ नका. खाडीतून खरवडून आणलेल्या बियात जिताड्याबरोबर दहा जातीचे मासे असतात, एवढंसं असताना ओळखायला आमच्या म्हाताऱ्या माणसांना सुद्धा हातात घेऊन बघावं लागतं. तुम्ही जिताडा म्हणून पैसे देणार आणि तळ्यात भलतंच काहीतरी. आणि आधीच पिल्लं कमी झालीत, ती परभणीला ट्रकात घालून न्यायची म्हणजे आमच्या तळ्यांनी काय करायचं. आमच्याकडे कांदळवन कक्षाच्या योजनेत खाडीत पिंजरे लावून जिताडा करतात, पण ती खाडी आहे, तुमच्याकडे पन्नी आहे.

नांदेडी_मरळ
आता माझं ऐका. मरळ टाका. चिलापी तशीच गट्टम करतो, आपल्याच मुलखातला, थंडीची सवय, हवेतून श्वास घेतो म्हणून पहाटे ऑक्सिजन कमी झाला तरी मरत नाही. आणि नांदेड परभणीच्या बाजारात जिताडा कुणी ओळखत नाही पण मरळ जिवंत टोपल्यात दिसला की भाव विचारत नाहीत लोकं.

उदगीर_मत्स्य
मरळीला माझा पाठिंबा आहे पण हे पण लिहा ना नांदेडकर, की पहिल्या पावसात मरळ पन्नीवरून सरपटत बाहेर निघतो. कडेनं दोन फूट उंच जाळी उभी करावी लागंल. आणि पन्नीच्या तळ्यात गवताळ काठ नाही म्हणून वीण त्याची पण होणार नाही, तो गवतात जागा साफ करून अंडी घालतो. मरळीचं बी पण एकमेकाला खातंच, चाळणं चुकत नाही.

दुधनाकाठ_सेलू
ठरलं मग, मरळ. पण आधी ही चिलापी थोडी कमी करायची का तशीच ठेवायची? आणि सांडव्याच्या पाइपाला सध्या काहीच नाही, तिथून नाल्यात जातं पाणी.

गोदाकाठ
पाइपाला आधी जाळी लावा, बारीक भोकाची, आणि दोन पदरी लावा, एक पदर कचऱ्यानं तुंबतो तेव्हा पाणी कडेवरून उलटतं आणि सगळं निघून जातं. हे माझ्या खात्यातलं आहे म्हणून सांगतो.

नांदेडी_मरळ
चिलापी ठेवा, तेच तर खाद्य आहे. फक्त हाताएवढ्या झाल्यात त्या जाळ्यानं काढून खा, बोटाएवढ्या राहू द्या. मादी पिल्लं तोंडात सांभाळती, मोठ्या माद्या काढल्या की पिल्लांची भर जरा कमी होती. मरळीचं बी जुलैत भेटतं, तोवर जाळी उभी करून घ्या. बांबू लागतील, तारेला गंज चढतो.